पन्नास हातांच्या आत

उत्तराबाईंना किळस पटकन यायची. शेजारणीने ओल्या हाताने लोणच्याची बरणी उघडली, की ते लोणचं त्या वर्षभर पानात वाढून घेत नसत. धोतर मळकट दिसलं म्हणून त्यांनी दूधवाला बदलला होता, आणि नवा आला तो बोलताना थुंकी उडवतो म्हणून त्यालाही घालवला होता. कल्याणातल्या त्यांच्या आळीतल्या बायका पाठीमागे त्यांना 'शी-शी बाई' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण अठराशे सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यांना जी किळस आली ती लोणच्या-दुधाची नव्हती, आणि ती आंघोळीने गेली नाही.

त्यांचा जन्म कल्याणातलाच. वडील मामलेदार कचेरीत कारकून. मुलीला त्यांनी घरीच बाळबोध वाचायला शिकवलं, आणि लग्न करून दिलं ते भुसावळला, रेल्वेतल्या एका हिशेबनिसाशी. तो पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. वडिलांनी स्वतः जाऊन तिला परत आणलं. मरण्यापूर्वी त्यांनी वाटण्या करून ठेवल्या. बदलापूरकडचं भाताचं शेत धाकट्या हरिहरला, शिवाय त्याच्या वकिलीच्या शिक्षणाचा सगळा खर्च झालेला होताच. शेणाळे तळ्यापलीकडचं कौलारू घर, परड्यासकट, उत्तरेला. घराचं रीतसर बक्षीसपत्र केलं. हरिहर पुढे ठाण्याच्या कोर्टात वकिली करू लागला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला. ताईवर त्याचा फार जीव आहे असं लोक म्हणत. उत्तराबाईही म्हणत.

परड्याच्या टोकाला, चिंचेखाली, आनंदा आगऱ्याचं घर होतं. कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. उत्तराबाईंच्या वडिलांनी ही जागा घेतली तेव्हा आनंदाचा बाप तिथे आधीपासून राहत होता. वडिलांनी त्याला उठवलं नाही. कुंपण घालताना तेवढा कोपरा आत घेतला आणि दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नाही. आनंदा उन्हाळ्यात खाडीवरच्या मिठागरात राबायचा, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायचा. त्याची बायको बायजा मूळची डोंबिवलीकडच्या मानपाड्याची, उंच, हाडापेराने मोठी, बोलायला तोडून टाकणारी. तिच्या कोंबड्या उत्तराबाईंच्या तुळशीपाशी उकरायच्या आणि मग दोघींचं वाजायचं. सुकट भाजायला घेतली की उत्तराबाई मागचं दार धाडकन लावत. बायजा मुद्दाम मोठ्याने म्हणे, "लावा लावा, वास काय दाराला इचारून येतं?"

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. तशी दोघींची एकमेकींना सवय होती. उत्तराबाई तापाने पडल्या त्या वर्षी विहिरीवरून पाण्याच्या घागरी भरून बायजानेच मागच्या पायरीवर आणून ठेवल्या होत्या. उत्तराबाईंनी ते पाणी झाडांना घातलं होतं. हेही बायजाला माहीत होतं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला बाजारामागच्या आळीत आग लागली. एका तेल्याच्या दुकानात घासलेटचा दिवा कलंडला आणि बघता बघता आळीची आळी गेली. दुसऱ्या दिवशी माणसं राखेत हंडे-कळश्या शोधत होती. उत्तराबाई तळ्याच्या बांधावर उभं राहून ते बघून आल्या आणि त्यांना जेवण गेलं नाही. आपल्याला मागेपुढे कोणी नाही. हे घर गेलं तर भावाच्या दारात जावं लागेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घुमत राहिला.

हरिहर पुढच्या रविवारी आला तो एका स्नेह्याला घेऊन. प्रभाकरपंत त्याचं नाव. मुंबईच्या कोट भागात विलायती कंपन्या घरांचे, गुदामांचे आगीचे विमे उतरवत, त्यांची दलाली हा गृहस्थ करी. अंगात अल्पाकाचा कोट, डोक्याला पगडी, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायची सवय.

"ताई, तू काळजी करतेस ते मला कळतं," हरिहर ओसरीवर बसत म्हणाला. "म्हणून यांना आणलंय. वर्षाला थोडे पैसे भरायचे. घर जळलं तर कंपनी घराची किंमत देते. साहेबलोक सगळे करतात."

"आणि जळलं नाही तर?"

"तर फारच उत्तम!" प्रभाकरपंत हसले. "पैसे कंपनीचे, घर तुमचं."

उत्तराबाईंना तो व्यवहार पटला. त्यांनी बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. घराची किंमत कोण ठरवणार? भांडीकुंडी धरतात का? शेजारच्याच्या आगीने आपलं घर जळलं तर देतात का? वकिलाची बहीण आहे हो, असं म्हणत प्रभाकरपंत उत्तरं देत होते. त्यांच्याजवळ दोन कंपन्यांचे कागद होते. एकीचा हप्ता जवळजवळ निम्मा होता.

"हिचा इतका कमी कसा?" उत्तराबाईंनी विचारलं.

"ही कंपनी चोखंदळ आहे. तिची एक अट आहे. विम्याच्या घरापासून पन्नास हातांच्या आत गवताचं, पेंढ्याचं किंवा झावळ्यांचं छप्पर असता कामा नये. दुसरी कंपनी तसं काही बघत नाही, म्हणून ती महाग."

उत्तराबाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. चिंचेखाली बायजा धाकट्या पोराचं डोकं धरून तेल चोपडत होती.

"म्हणजे ह्यांचं घर?"

"तीच एक अडचण आहे," हरिहर म्हणाला. "पण ती अडचण म्हणायची का? जागा तुझी आहे."

"मग ही माणसं कुठे जातील?"

प्रभाकरपंत हसले. "ताईसाहेब, हे लोक सोय करून घेतात. चार बांबू इथले उपटायचे आणि तिकडे रोवायचे."

"आग तेल्याच्या दुकानात लागली ना? त्याच्या घरावर कौलंच होती."

"कंपनीला ते कोण सांगणार?" असं म्हणून प्रभाकरपंत पुन्हा हसले. त्यांच्या दातांत पानाचा चोथा अडकलेला होता. उत्तराबाईंनी नजर वळवली आणि विचार करून सांगते म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी विचार केला. महाग विमा त्यांना झेपला असता, पण ओढाताण झाली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांना एकदम सुचलं, आणि इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. अट गवताची होती. मग गवतच काढून तिथे कौलं घातली तर? कुंभारवाड्यात साधी नळीची कौलं मिळत होती. निम्म्या हप्त्यात जे वाचेल, त्यातून दोन-तीन वर्षांत खर्च भरून निघाला असता. घर राहील, माणसं राहतील, विमाही होईल.

त्या परड्यात गेल्या, पदर सावरून चिंचेपासून थोड्या लांब उभ्या राहिल्या आणि आनंदाला हाक मारली. आनंदा मिठागरावर निघाला होता. तो थांबला, बायजाही बाहेर आली. उत्तराबाईंनी सगळं सांगितलं.

आनंदाला हसावं की काय करावं कळेना. "कवलं? आमचे घराव?"

"पैसे मी देते. वासे तेवढे जाड घालावे लागतील. ते तू बघ."

बायजा कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "ती कवलं कोनाची?"

"कोणाची म्हणजे?"

"उंद्या तुमी बोल्लाव का जावा, तर आमी कवलं नेवाची का ठेवाची?"

उत्तराबाईंना राग आला. भलं करायला जावं तर ही बाई हिशेब विचारते. पण थोडा वेळ गेल्यावर त्यांना वाटलं, प्रश्न बरोबर आहे. आपणही प्रभाकरपंतांना असेच प्रश्न विचारले होते. "तुझी," त्या म्हणाल्या. "घातली की तुझी."

बायजाने नवऱ्याकडे बघितलं, मग छपराकडे. "बगू," म्हणाली. पण त्या दिवशी तिच्या कोंबड्या तिने टोपलीखाली झाकून ठेवल्या.

उत्तराबाईंनी कुंभाराला बयाणा दिला. कौलं वैशाखाच्या शेवटी भाजून मिळणार होती. हरिहर आला तेव्हा त्यांनी हौसेने त्याला हे सांगितलं. आपली युक्ती ऐकून तो खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. त्याने ऐकता ऐकता मागच्या दारातून चिंचेकडे पाहिलं.

"आगऱ्याच्या घरावर कौलं," तो म्हणाला. "आपल्या घराच्या पाठीला पाठ लावून."

"कंपनीला कौलंच हवीत ना?"

"कंपनीचं सोड. लोक काय म्हणतील याचा विचार केलास? आपल्या बापाने इतकी वर्षं कारकुनी करून कौलं चढवली. आता ती आनंदाच्या डोक्यावर. उद्या त्याचा पोरगा ओसरीवर येऊन बसेल."

"आग नको म्हणून तू आला होतास की ती माणसं नकोत म्हणून?"

"ताई, तू बाईमाणूस. तुला यातलं कळत नाही." तो असं प्रेमाने म्हणाला. नेहमी ज्या आवाजात तो त्यांना औषध घ्यायला सांगे, तोच आवाज. या वेळी तो उत्तराबाईंना नको झाला. पण भाऊ होता. त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि त्याला पन्हं दिलं.

अक्षय्यतृतीयेनंतर ठाण्याहून निरोप आला. हरिहरला दुसरा मुलगा झाला होता, त्याचं बारसं. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? हरिहर स्वतः स्टेशनवर न्यायला आला होता. टांग्यात त्याने त्यांना उन्हाच्या बाजूला बसू दिलं नाही. घरी भावजय सुमतीने पाय धुवायला पाणी ठेवलं, नवं लुगडं दिलं. बारसं थाटात झालं. दुसऱ्या दिवशी उत्तराबाई निघते म्हणाल्या तर हरिहर म्हणाला, "राहा ना. इतक्या वर्षांत कधी राहिलीस?" तिसऱ्या दिवशीही तेच. उत्तराबाईंना बरं वाटलं. या घरात आपल्याला इतकं कोणी धरून ठेवेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन ओव्या म्हटल्या.

चौथ्या दिवशी दुपारी पानावर बसल्या असताना सुमती पुरणपोळीवर तूप वाढत म्हणाली, "वन्सं, आता घरी गेलात की मागे कसं मोकळं मोकळं वाटेल तुम्हाला. त्या कोंबड्यांचा किती त्रास होता म्हणत होतात."

उत्तराबाईंनी विचारलं, "मोकळं कसं?"

सुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. हरिहर ताटात बघत होता.

"हरी, काय केलंस तू?"

"जेव तू आधी. मग बोलू."

"काय केलंस?"

"काय करायचं होतं?" त्याने पोळीचा तुकडा दुधात बुडवला. "माणसं पाठवली. परवाच झालं काम. आनंदाने काही खळखळ केली नाही. मी त्याला निरोप दिला, ताईने सांगितलंय, पावसाच्या आत जागा मोकळी करा. लगेच ऐकलं. माझ्या नावाने सांगितलं असतं तर वाद घातला असता."

"माझ्या नावाने सांगितलंस?"

"तुझीच जागा आहे ना? कोर्टात तरी कोणाच्या नावाने सांगितलं असतं? आणि तुझा जीव मऊ, म्हणून तुला तिथे ठेवलं नाही. डोळ्यांपुढे बघवलं नसतं तुला. सगळं तुझ्या भल्यासाठीच केलं."

तो जेवत होता. तूप त्याच्या मिशीला लागलं होतं आणि बोलताना चकाकत होतं. उत्तराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. या मुलाला त्यांनी कडेवर घेऊन तळ्यावरची बदकं दाखवली होती. बारसं, नवं लुगडं, टांग्यातली सावलीची बाजू, राहा ना म्हणणं, एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि प्रत्येकीवर बुरशी चढलेली दिसली. ज्या मांडीवर बाळ घेतलं ती मांडीसुद्धा कोणीतरी वापरून घेतली होती. त्यांना ओकारी आली. तोंडाला पदर लावून त्या उठल्या आणि मागीलदारी जाऊन खरोखरच ओकल्या.

सुमती मागून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "वन्सं, पित्त झालंय का?"

"हो," उत्तराबाई म्हणाल्या. नवं लुगडं त्यांनी घडी करून खुंटीवर ठेवलं, आपलं जुनं नेसल्या आणि कोणाला बरोबर न घेता स्टेशनवर गेल्या.

परड्यात चिंचेखाली सारवलेल्या जमिनीचा एक चौकोन होता. कडेने कुडाची भोकं. चुलीची जागा काळी. मोडलेले वासे कोणीतरी जळणाला नेले होते, आणि गवत तळ्याकडे ओढत नेताना सांडलेलं वाटेवर होतं. उत्तराबाई तिथे उभ्या होत्या तेव्हा शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "छान ऐसपैस झालं हो उत्तराबाई! बरं केलंत. आमचे पापड वाळत घातले तर चालतील ना इथे?"

"नाही," उत्तराबाई म्हणाल्या.

"मी आपलं विचारलं."

"बायजा काही म्हणाली का जाताना?"

शेजारीण जरा ओशाळली. "तुमच्या दारापुढे उभी राहिली होती. दाराला कुलूप होतं. त्यालाच काहीबाही बोलत होती. कवलं, कवलं असं काही. मला मेलं ते त्यांचं बोलणं समजत नाही."

त्या रात्री उत्तराबाईंनी चूल पेटवली नाही. आठवडाभर आपण तिच्या छपराची चौकशी करत होतो, वासे मोजायला लावत होतो. बायजाला काय वाटलं असेल ते त्यांना लख्ख कळत होतं. कौलांची गोष्ट ही सगळी गोड बोलून केलेली तयारी. आपण तिच्या जागी असतो तर आपणही तेच धरून चाललो असतो.

प्रभाकरपंत दोन दिवसांनी कागद घेऊन हजर झाले. मागच्या दारातून परड्यात डोकावून आले आणि हात चोळत बसले. "वा! अडचण गेली. हा स्वस्त विमा, इथे सही करा. हरिहरपंत कामाला पक्के."

"दुसऱ्या कंपनीचा कागद आणलाय?"

"तो कशाला आता? गवत राहिलं नाही, तर गवताचे पैसे का भरायचे?"

"गवत येईल."

"कुठून?"

"जिथे पाठवलंत तिथून. मला तो विमा हवा, जो कोणाचं छप्पर बघत नाही."

प्रभाकरपंतांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू नवं हसू उमटलं. महाग विम्यावर दलाली जास्त होती. "खरं सांगू का ताईसाहेब," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मला मनातून तोच बरा वाटत होता. अटी घालणाऱ्या कंपन्या ऐन वेळी फाटे फोडतात. आणि गरिबाचं घर मोडणं म्हणजे... मला स्वतःला ते कधीच आवडलं नाही. हरिहरपंतांना मी म्हटलंही होतं."

"म्हटलं होतंत?"

"मनातल्या मनात," असं म्हणून ते हसले.

उत्तराबाईंना वाटलं, या माणसाच्या हातातला टाकसुद्धा चिकट असेल. त्यांनी आपला टाक आणला, आपल्या दौतीत बुडवला, आणि सही केली. ते गेल्यावर ओसरीचा तो कोपरा त्यांनी शेणाने दोनदा सारवला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी ठरवून त्या मानपाड्याला, बायजाच्या माहेरी गेल्या. ऊन मी म्हणत होतं. बायजाच्या भावाचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात आनंदा दोरी वळत बसला होता. त्यांना बघून तो उठला आणि काय करावं न कळून पुन्हा बसला. बायजा दारात आली. तिने बसा म्हटलं नाही. उत्तराबाई गाडीजवळ उभ्या राहूनच बोलल्या.

"बायजा, मी सांगितलं नव्हतं. मी ठाण्याला होते. मला चौथ्या दिवशी कळलं."

"तुमचा भाव बोल्ला, ताईनी सांगलाय."

"खोटं बोलला."

भोवती बायजाची भावजय, दोन म्हाताऱ्या, पोरं जमली होती. सगळ्यांसमोर आपला वकील भाऊ खोटं बोलला असं सांगताना उत्तराबाईंच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. पण त्यांनी ते पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्याने. "हरिहर खोटं बोलला. माझं नाव त्याने वापरलं. कौलांचा बयाणा मी खरा दिला होता. कुंभाराला विचारा."

बायजाने पोरांना बाजूला सारलं. मग तिने मान हलवली. "खरा असंल. तुमी खोटा बोलनार नाय. तुमी तोंडाव बोलता."

"मग चला परत. विमा मी दुसरा घेतलाय. गवताचं बांधलं तरी चालतं. कौलं हवी असतील तर कौलं."

"नाय."

"का पण?"

"तुमी घरान नव्हता म्हनून मोरला. उंद्या तुमी मेल्याव, मंग?" बायजाच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर उत्तराबाईंना बरं वाटलं असतं. "आमचे सासऱ्याचा घर होता तो. तुमचा नंतर झाला. पन हात तुमचे घरापासून मोजलं. आमचे घरापासून कोनी मोजलं नाय."

आनंदा दोरी वळत राहिला होता. त्याने मान वर केली नाही.

उन्हाने उत्तराबाईंच्या घशाला कोरड पडली होती. बायजाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "पानी इचारत नाय. तुमी घेनार नाय."

उत्तराबाईंनी तोंड उघडलं. दे, असं म्हणायचं होतं. आत मडक्यावर ओला फडका दिसत होता. पण चाळीस वर्षांचं सोवळं आडवं आलं. त्या तोंड मिटून गाडीत चढल्या. गाडीवानाने बैल वळवले. वाटेत एका विहिरीवर त्यांनी स्वतः पाणी काढलं आणि प्यायल्या, आणि ते पाणी पिताना त्यांना आपलीच शिसारी आली. हरिहरची आणि प्रभाकरपंतांची ज्या खात्यात जमा केली होती, त्याच खात्यातली.

पावसाळा तसाच गेला. चौकोनात टाकळा माजला. हरिहर मधूनमधून निरोप पाठवी, त्या उत्तर देत नसत. महाग विमा घेतल्याचं आळीत सगळ्यांना कळलं होतं. नसलेल्या गवताचे पैसे भरणारी बाई म्हणून लोक हसत.

दिवाळीच्या आधी एक जोडपं परड्यात येऊन उभं राहिलं. आनंदाची बहीण शकू आणि तिचा नवरा काळुराम. काळुरामला कल्याण स्टेशनवर हमालीचं काम लागलं होतं आणि राहायला जागा नव्हती.

"वैनीनी पाठवलाय," शकू म्हणाली. "बोल्ली, आपून नाय जावाचा, पन जागा मोकली नको ठेवू. बापाची हाय."

"बांधा," उत्तराबाई म्हणाल्या. कौलांचं त्यांनी विचारलं. काळुराम म्हणाला, सध्या गवतच बरं, ते मोडलं तर जिवाला इतकं लागत नाही. त्यांनी आग्रह केला नाही. बायजाने मानपाड्याच्या अंगणात जे विचारलं होतं, त्याला मात्र त्यांनी त्या महिन्यातच उत्तर दिलं. चिंचेखालचा कोपरा त्यांनी शकूच्या नावाने नोंदवून दिला. साक्षीदार म्हणून सही करायला आळीतला एकही पुरुष तयार होईना. शेवटी भुसावळच्या ओळखीचा एक म्हातारा गार्ड आणि कुंभार, या दोघांनी सही केली.

भाऊबीजेला हरिहर न बोलावता आला. त्याला कोपऱ्याचं कळलं होतं. तो ओसरीवर चढला तो बोलतच. "बापाची जागा आगऱ्यांना देऊन टाकलीस? वेड लागलंय तुला? मी दावा लावीन."

"लाव. बक्षीसपत्र वाचून लाव."

"मी तुझ्या भल्यासाठी इतकं केलं आणि तू..." त्याचे डोळे खरंच भरून आले. तेच उत्तराबाईंना सगळ्यात असह्य झालं. त्याला अजूनही आपण चांगले आहोत असंच वाटत होतं. त्याच्या रडण्यात खोट नव्हती, आणि म्हणून त्या रडण्याकडे बघवत नव्हतं.

"हरी," त्या म्हणाल्या, "तू माझ्या घराला आगीपासून वाचवायला निघालास ना? घर वाचलं. आता तू जा."

"ओवाळणार नाहीस?"

"नाही."

त्याने पायात जोडे घातले. मग पगडी सारखी करून निघून गेला. पुढची काही वर्षं तो आलाच नाही. आला तेव्हा दोघंही म्हातारी दिसू लागली होती. त्यांनी त्याला जेवू घातलं, पण पुरण कधी केलं नाही. दावा त्याने लावला नाही. वकील होता, हरणार हे त्याला दिसत होतं.

घराला आग कधी लागली नाही. प्रभाकरपंत दर वर्षी हप्त्याला येत, पायरीवर उभे राहून पैसे घेत, हसत आणि जात. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नाही. शकूची पोरं चिंचेखाली वाढली. त्यांचा दंगा, त्यांची भांडणं चालली की उत्तराबाई मागच्या दारातून ओरडत आणि शकू तिकडून उत्तर देई.

बायजा एकदाच भेटली. विठ्ठलवाडीच्या रस्त्याला भाताचे भारे घेऊन चाललेल्या बायकांत होती. केस पिकले होते. उत्तराबाईंनी टांगा थांबवला. बायजाने डोक्यावरचा भारा उतरवला नाही, तशीच थांबली.

"शकू बरी हाय?"

"बरी आहे. तिसरा मुलगा झाला."

"सांगला कोनी तरी." मग ती म्हणाली, "त्यो कागद केला तुमी, त्यो आईकला."

उत्तराबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. टांगेवाला घोड्याला चुचकारत होता, मागून गाड्या आल्या होत्या. बायजाने भाऱ्याचा तोल सावरला, मान हलवली आणि बाकीच्या बायकांना गाठायला पुढे गेली.